निळा रकाना

रविवार, २ नोव्हेंबर

आज मंडळाची बैठक झाली आणि मला हवं होतं तेच ठरलं. तिसरी लढत होणार. तारीख २३ नोव्हेंबर, जागा आपला नेहमीचा लग्नाचा हॉल.

सव्वादोन तास चर्चा चालली. त्यातला दीड तास एकटा बबनच बोलला. बबन आमच्या बॉक्सिंग मंडळाचा सेक्रेटरी, माणूस उत्साही, पण त्याला कुणीतरी वेळ ठरवून द्यायला हवी. प्रश्न साधा होता. नव्वद किलोच्या वरचे बॉक्सर आख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दोनच. उत्तनचा मेल्रॉय आणि आमच्याच बिल्डिंगमधला, जेसल पार्कचा स्वप्नील. गटात नावंच दोन, त्यामुळे दर वेळी थेट फायनल. जानेवारीत मेल्रॉय जिंकला, ऑगस्टमध्ये स्वप्नील. डिसेंबरात राज्य स्पर्धा आहे आणि शहरातून एकच जाणार.

स्वप्नीलचा कोच निकेत म्हणाला, शेवटची लढत ज्याची तोच जाणार, तिसरी कशाला. दोघंही कामावर जाणारी पोरं, उगाच त्यांना आणखी मार का खायला लावायचा. मग मी उभी राहिले. म्हटलं, "एक-एक झाली म्हणजे दोघं सारखे, असं नसतं. एका वेळी कुठला तरी जज चुकलाय. ती चूक निस्तरायला तिसरी हवी." बबनने तिथेच तारीख लिहून घेतली. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवल्याचा एवढा तरी फायदा होतो.

इथे खरं लिहायला हरकत नाही. ऑगस्टची लढत मेल्रॉयचीच होती. तीन जजांत मी एक होते. मी दोन राऊंड निळ्या कोपऱ्याला दिले होते आणि निळ्यात मेल्रॉय होता. तरी रेफरीने हात वर केला तो लाल कोपऱ्यातल्या स्वप्नीलचा. म्हणजे बाकी दोन जजांनी माती खाल्ली. मेल्रॉय माझा जुना विद्यार्थी, स्वप्नील माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. म्हणून रिंगमध्ये मी चेहरे बघतच नाही, फक्त रंग बघते, लाल आणि निळा. ही शिस्त त्या दोघांना कोण शिकवणार?

बुधवार, ५ नोव्हेंबर

वरसावेला व्यायामशाळेत गेले होते. मेल्रॉयची तयारी बघायची होती. अंग छान कमावलंय. बोटीवर जाळं ओढणाऱ्याचे खांदे वेगळेच असतात.

पण पोरगा माजलाय. बाकावर बसून हाताच्या पट्ट्या सोडत होता. मी त्याच्या डाव्या बाजूला चहाचा ग्लास धरून उभी. ढुंकून बघेना. शेवटी नावाने हाक मारली, तेव्हा आख्खी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सॉरी टीचर, तुम्ही कधी आलात?" मी पाच मिनिटं तिथेच होते. ऑगस्टचा राग माझ्यावर काढतोय. त्याला काय माहीत, त्याच्या बाजूने असलेली मी एकटीच होते.

हल्ली बाईक सोडून बसने येतो. का म्हणून विचारलं तर म्हणतो, घोडबंदरला ट्रॅफिक फार असतं. ट्रॅफिक काय आजचं आहे? आरामाची चटक लागली, दुसरं काय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी मेल्रॉयची आई कॉनी दारात. उत्तनहून एवढ्या लांब, टोपली न घेता. एरवी येते ती मासे द्यायला. बसली, पाणी प्यायली, माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग एकदम म्हणाली, "टीचर, ही तिसरी नको. तुमी सांगितलं तर बबन ऐकंल."

मी विचारलं, मेल्रॉयने पाठवलं का? तर घाबरलीच. "त्याला म्हाईत न्हाय मी आलेली. त्याला सांगू नका." मग का नको? पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. पोराचं शरीर हाय, एवढंच दोनदा म्हणाली.

मी तिला समजावलं. हरण्याची भीती सगळ्याच आयांना असते. ऑगस्टमध्ये त्याच्यावर अन्याय झालाय आणि तो फक्त रिंगमध्येच धुतला जाईल. जाताना म्हणाली, तुमी शिकलेल्या, तुमाला कळतं. मला जरा बरं वाटलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

जे घडलं ते क्रमाने लिहिते.

तिसऱ्या लढतीला ते दोन जज नकोत असं बबनला सांगायचं होतं. पुरावा हवा, म्हणून त्याच्याकडून ऑगस्टची फाईल आणली. तीन कागद. पहिल्यावर मेल्रॉय विजयी. दुसऱ्यावर स्वप्नील. तिसऱ्यावर स्वप्नील, आणि खाली माझी सही.

मी चष्मा पुसून परत बघितलं. निळा रकाना, दहा, नऊ, दहा. आकडे माझेच आहेत. रकान्याच्या डोक्यावर बबनच्या अक्षरात नाव आहे, स्वप्नील.

मग सगळं जुळलं. नावं बबन आदल्या दिवशीच लिहून ठेवतो. लाल मेल्रॉय, निळा स्वप्नील. पण ऐनवेळी निळा हेडगार्ड स्वप्नीलच्या डोक्याला बसेना. मोठ्या मापाचा एकच होता, तो लाल. पाच वाजता हॉल बारशासाठी रिकामा करून द्यायचा होता, फुगेवाला दारात येऊन उभा होता. म्हणून बबनने दोघांचे कोपरेच बदलले आणि जजांना सांगितलं असणार, कागदावरची नावं खोडून बदला. बाकी दोघांनी बदलली आहेत, खोडलेलं स्पष्ट दिसतं. मी तेव्हा वॉशरूमला गेले होते. परत आले तर घंटा होतच होती. बसले आणि रंग बघायला लागले.

नावाकडे बघितलंच नाही. सही केली आणि कागद दिला.

माती मीच खाल्ली.

सोमवार, १० नोव्हेंबर

बीपी १५६/९४. कुणाला काही सांगितलेलं नाही. फाईल परत दिली. बबनने विचारलं, सापडला का पुरावा? नाही म्हटलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सांगायचं ठरवूनच बबनकडे गेले. तो बॅनर बघत होता. डावीकडे मेल्रॉय, उजवीकडे स्वप्नील, मध्ये लिहिलंय "निर्णायक". बबनचा चेहरा असा फुललेला, जसं त्याच्याच घरचं लग्न आहे. म्हणाला, "मॅडम, ही लढत तुमच्यामुळे होतेय. बैठकीत तुम्ही बोलला नसतात तर निकेतने सगळ्यांना गुंडाळलं असतं."

मी जज म्हणून बसत नाही, एवढं तरी म्हणाले. तो ऐकेना. तुमच्याइतकं निष्पक्ष दुसरं कोण आहे, म्हणाला. मी चहा प्यायले आणि घरी आले.

आता शांतपणे विचार केला तर असं दिसतं. आज मी सांगितलं तर काय होईल? मंडळाची लाज जाईल, स्वप्नीलच्या तोंडाला पानं पुसली जातील, माझी शोभा होईल ती वेगळीच. उलट तिसरी होऊ दिली तर मेल्रॉय जिंकेल, कारण तोच चांगला आहे. ज्याचं आहे ते त्याला मिळेल आणि कुणाला दुखवावंही लागणार नाही. म्हणजे तिसरी लढत हाच न्याय. मी आधी वेगळ्या कारणासाठी म्हणत होते, पण म्हणत होते ते बरोबरच होतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

परत वरसावे. गेल्याशिवाय राहवेना. मेल्रॉयचा सराव संपला तसा तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. टॉवेल गळ्यात, घाम निथळतोय.

"टीचर, एक विचारू? खरं सांगा. ऑगस्टमध्ये मी खरंच हरलो होतो?"

त्याला सहावीत मी पहिल्यांदा हातमोजे घातले होते. तेव्हाही असाच सरळ विचारायचा, मी फाऊल केला का टीचर? आणि मी सरळ सांगायचे. आज म्हणाले, "जजांचा निर्णय अंतिम असतो, मेल्रॉय."

त्याने मान हलवली. "गावात सगळे बोलतात, जानेवारीत नशिबाने जिंकला. ही जिंकली की कोणी काय बोलणार नाही. मग मी मोकळा." एवढं बोलून निघाला आणि जाताना दाराच्या चौकटीवर डावा खांदा दाणकन आपटला. इतका राग बरा नव्हे. पण माझ्यावर नाही तर कुणावर काढणार तो?

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज वजनं झाली. मेल्रॉय ९४, स्वप्नील ९७. डॉक्टरांना अठरा पोरं तपासायची होती. छाती, बीपी, हाताची हाडं, झालं. मेल्रॉयला "फिट" लिहून मिळालं. कॉनी बाहेर पायरीवर बसली होती. मी हसले, ती हसली नाही.

उद्या कागद हातात आला की सगळ्यात आधी नावं वाचायची. आणि घंटेच्या आधी परत वाचायची.

रविवार, २३ नोव्हेंबर

जिंकला. मेल्रॉय जिंकला, तीन-शून्य.

हॉल खचाखच. स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. उत्तनहून दोन टेम्पो भरून लोक आलेले, आमच्या सोसायटीतलेही झाडून सगळे. या वेळी बबनने मोठ्या मापाचा निळा हेडगार्डही आणून ठेवला होता. कागदावरची नावं तीनदा वाचली. लाल मेल्रॉय, निळा स्वप्नील. आणि या वेळी मी चेहरे बघितले. आयुष्यात पहिल्यांदाच बघितले, माझा नियम मोडून.

पहिल्याच मिनिटाला स्वप्नीलचा उजवा हात मेल्रॉयच्या गालावर असा बसला, की मला वाटलं संपलं. पण मेल्रॉयने पापणी लववली नाही. हात वर नेला नाही, मान फिरवली नाही, तसाच उभा. काय काळीज आहे पोराचं. एवढा ठोसा येताना दिसतोय आणि माणूस हलत नाही. ते बघून स्वप्नीलच हबकला. त्यानंतर त्याचा उजवा हात हनुवटीला चिकटला तो चिकटलाच. नुसता डाव्याने टोचत राहिला. निकेत कोपऱ्यातून घसा फाटेपर्यंत "राइट मार, राइट" म्हणत होता, पण त्याने काही मारला नाही. घाबरलेल्या बॉक्सरला गुण कसे देणार? मी तिन्ही राऊंड मेल्रॉयला दिले. बाकी दोघांनीही तेच केलं.

हात वर गेला तेव्हा मला रडू आलं. लोकांना वाटलं असेल, जुन्या विद्यार्थ्यासाठी रडतेय बाई. मेल्रॉयने रिंगमधूनच मला नमस्कार केला. तीन महिन्यांनी श्वास घेतल्यासारखं वाटलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

बीपी १३०/८२. छान झोप लागली. जिने चढून गच्चीत गेले, गुडघा दुखला नाही. आता कुणालाच काही सांगायची गरज राहिलेली नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

दुपारी स्वप्नील आला. वाटलं, हरल्याची तक्रार असेल, म्हणून आधी पोहे पुढे ठेवले. त्याने बशीला हात लावला नाही.

"काकू, तुम्ही रागवू नका, पण कुणाला तरी सांगायला पाहिजे. मेल्रॉयला डाव्या डोळ्याने दिसत नाही."

मी म्हटलं, काहीतरीच काय. तो म्हणाला, "पहिला राइट टाकला ना मी, तो त्याला दिसलाच नाही. माणूस थोडा तरी हलतो काकू, डोळा तरी मिटतो. तो नुसता उभा होता. मी मुद्दाम त्या बाजूला ग्लोव्ह नुसताच फिरवून बघितला. काहीच नाही. मग माझा हातच उठेना."

मी विचारलं, रेफरीला का नाही सांगितलंस? "काय सांगू? हरतोय म्हणून रडतोय म्हटलं असतं. आणि तो बाद झाला तर जागा मलाच मिळते. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? पण राज्य स्पर्धेत समोरचा राइट थांबवणार नाही. तुम्ही बोललात तर बबनसर ऐकतील."

मी त्याचे गुण कापले होते. घाबरलेला, असं इथेच लिहून ठेवलंय.

मग तो खाली बघत म्हणाला, "तसं पण ऑगस्टमध्ये मी हरलोच होतो. हात वर केला तेव्हा मलाच पटलं नव्हतं. पण कोण नको म्हणणार?"

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. रंग, रकाना, वॉशरूम, फाईल, सगळं. जगात पहिल्यांदा कुणाला तरी. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे तिसरी कशाला झाली, काकू?"

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मंडळाला पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा जमलं. ऑगस्टची चूक माझी, निकाल दुरुस्त करावा, मला जजांच्या यादीतून काढावं, आणि राज्य स्पर्धेआधी मेल्रॉयचे डोळे तपासावेत. शेवटी एक वाक्य लिहिलं, "सुदैवाने तिसऱ्या लढतीत योग्य खेळाडूच विजयी झाल्याने माझ्या चुकीमुळे कोणाचेही नुकसान झालेले नाही." ते लिहिल्यावर जरा धीर आला. उद्या आधी उत्तनला जाईन. मेल्रॉयला कुणा दुसऱ्याकडून कळायला नको.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

उत्तनला जाऊन आले. लिहायला बसायची इच्छा नाही, पण आज नाही लिहिलं तर मी उद्या यातलं काही गाळेन. स्वतःला ओळखते मी आता.

मेल्रॉय अंगणात जाळं शिवत होता. कॉनी बाजूला दुसऱ्या जाळ्यातून बोंबील सोडवत होती. मी बसलेही नाही. उभ्यानेच सांगितलं की ऑगस्टमध्ये तू हरला नव्हतास, मी चुकीच्या नावाखाली गुण लिहिले. पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते उजवीकडे धरून, मान तिरकी करून वाचलं. त्या क्षणी मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. तरी विचारलं, कधीपासून?

कॉनीने त्याच्याकडे बघितलं. त्याने सुई खाली ठेवली.

"ऑगस्टपासून, टीचर. त्याच फाइटमध्ये. आधी नुसत्या चांदण्या दिसायच्या, मग कोपऱ्यातून काळा पडदा यायला लागला. आता पूर्ण आला."

कॉनी म्हणाली, "डागतरकडं चल म्हनून मी पायाशी बसले त्याच्या. कुनाला सांगायचं न्हाय म्हनून शपथ घातली मला." माझ्या दारात ती का गप्प बसली होती, ते तेव्हा कळलं.

का नाही गेलास, मी विचारलं. माझा आवाज शाळेतल्यासारखा चढला, त्याची लाज वाटतेय. मेल्रॉय चिडला नाही. मला समजावल्यासारखं बोलला.

"गेलो असतो तर फाइट बंद झाली असती ना. एक-एक झाली होती. हरून कसा थांबणार? तेव्हा जिंकलो असतो तर दुसऱ्याच दिवशी गेलो असतो."

मग त्याने पत्रातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि कागद माझ्याकडे परत दिला. कॉनी पुन्हा बोंबील सोडवायला लागली होती.

मी तिथेच त्यांच्या पायरीवर बसले, पर्समधून पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते सुचेना. मेल्रॉय म्हणाला, खरं ते लिहा टीचर. मग लिहिलं, माझ्या चुकीमुळे या मुलाचा डोळा गेला. खाली सही केली आणि आज पहिल्यांदा, सही करण्याआधी, सगळा कागद वाचला.